सोसायटीपासून विधानसभेपर्यंत : बारामती-इंदापूरचे लोकप्रतिनिधी कसे घडले?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

निवडणूक हरल्यानंतर कार्यकर्त्यांच्या बैठकीत जी कारणे सांगितली जातात ती ठरलेली असतात : पैसा, जात आणि घराणे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा विषय निघाला की तिसरे कारण उच्चारताच चर्चा संपते. ही कारणे खोटी नाहीत. पण अपुरी आहेत. घराण्याची सत्ता टिकते हे सांगितल्याने ती कशी टिकते याचा उलगडा होत नाही. एखादा आमदार मतदानाच्या दिवशी निवडून येतो हे कायद्याच्या दृष्टीने खरे असले, तरी प्रत्यक्षात त्याची निवड पंधरा-वीस वर्षे आधी, गावच्या विविध कार्यकारी सोसायटीत, कारखान्याच्या संचालक मंडळात आणि जिल्हा बँकेच्या कर्जवाटपात झालेली असते. ही प्रक्रिया नीट समजून घेतल्याखेरीज या भागातील राजकारणाविषयी काढलेला कोणताही निष्कर्ष वरवरचा ठरेल.

प्रथम भूगोल पाहिला पाहिजे, कारण येथील राजकारण पाण्याच्या रेषेवर उभे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत भाटघर धरणाच्या पाण्यावर नीरा डावा कालवा निघाला आणि बारामती तालुक्याचे दोन तुकडे झाले. कालवा आणि नीरा नदी यांच्यामधला पट्टा बागायत झाला. कालव्याच्या वरच्या अंगाचा उत्तरेकडील प्रदेश जिरायत राहिला. तोच कालवा पुढे इंदापूर तालुक्यात जातो आणि तेथे त्याचे शेपूट होते. टेलच्या शेतकऱ्याला आवर्तनाची वाट पाहावी लागते, आणि पाणी आले तरी ते पुरेल याची खात्री नसते. इंदापूरच्या उत्तर सीमेवर भीमा वाहते. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, तेव्हा याच तालुक्यातील पळसदेवसारखी गावे पाण्याखाली गेली; दुष्काळात धरण आटले की तेथील जुने देऊळ उघडे पडते. ज्यांची गावे बुडाली त्यांच्याच तालुक्याने पुढे वर्षानुवर्षे त्या पाण्यातील हिश्श्यासाठी भांडावे, हा या भागातील विकासाचा अंतर्विरोध आहे.

पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून कारखाना. आरंभी हे भांडवल खाजगी होते. वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. कंपनीच्या शेतीसाठी लागणारी जमीन मोठ्या प्रमाणात लहान शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेली होती. १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर ही जमीन कंपनीकडून निघाली, पण मूळ मालकाकडे गेली नाही. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेली. खंडकऱ्यांना ती परत मिळण्याचा मार्ग मोकळा व्हायला २०१२ साल उजाडावे लागले. अर्धशतकाचा हा विलंब कोणत्या लोकप्रतिनिधींच्या डोळ्यांदेखत झाला, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी विचारलाच पाहिजे. परंतु त्याचबरोबर हेही पाहिले पाहिजे, की ज्या सहकारी कारखान्यांनी खाजगी भांडवलाला पर्याय दिला, त्यांचे सभासद खंडकरी नव्हते. ते स्वतःच्या जमिनीत ऊस लावणारे बागायतदार होते. माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती आणि सोमेश्वर हे कारखाने १९५०च्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत उभे राहिले. पुढे इंदापूर तालुक्यात बिजवडीचा आणि नीरा-भीमा हे कारखाने आले. या भागातील आजच्या राजकारणाची जडणघडण या कारखान्यांच्या आवारात झालेली आहे.

पहिली पिढी : चळवळीतून आलेली

तथापि, येथील लोकप्रतिनिधींची पहिली पिढी कारखान्यातून आलेली नव्हती, कारण तेव्हा हे कारखानेच नव्हते. ती चळवळीतून आली. सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीने पुणे जिल्ह्यात जी मशागत केली तिचे पीक लोकल बोर्डात दिसू लागले. काटेवाडीच्या शारदाबाई पवार १९३८ मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. स्त्रियांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याची कल्पनाही त्या काळी कोणी केली नव्हती. शरद पवारांचा जन्म १२ डिसेंबर १९४० चा. तीन दिवसांच्या बाळाला घेऊन आई लोकल बोर्डाच्या बैठकीला गेली होती, ही आठवण त्यांनी अनेकदा सांगितली आहे. या कुटुंबाचे नाते पुढे शेतकरी कामगार पक्षाशी जुळले, आणि वडील गोविंदराव सहकारी खरेदी-विक्री संघाशी निगडित होते. चळवळ आणि सहकार ही दोन्ही बीजे एकाच घरात होती. पुढे चळवळ मागे पडली आणि सहकार वाढला.

या वळणाची तारीख सांगायची झाली तर १९६० सालची लोकसभेची पोटनिवडणूक सांगावी लागेल. केशवराव जेधे यांचे १९५९ मध्ये निधन झाले. बारामतीच्या रिक्त जागेवर काँग्रेसतर्फे त्यांचे चिरंजीव गुलाबराव जेधे उभे राहिले आणि शेतकरी कामगार पक्षातर्फे वसंतराव पवार. वसंतरावांचे धाकटे बंधू शरद पवार यांनी प्रचार केला तो काँग्रेसचा. जेधे निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने भारलेल्या त्या दिवसांतही तरुण, महत्त्वाकांक्षी कार्यकर्त्याला सत्तेची वाट कोठून जाते याचा अंदाज आलेला होता. ज्या जेध्यांनी शेतकरी कामगार पक्ष उभारला त्यांनीच त्यापूर्वी काँग्रेसची वाट धरली होती. ही माणसे वैयक्तिक मोहाने गेली असे म्हणणे सोपे आहे. परंतु कर्ज, कालवा आणि कारखान्याचा परवाना ही तिन्ही ज्या पक्षाच्या सरकारच्या हाती होती, त्या पक्षाच्या बाहेर राहून बागायतदाराचे हित साधणे कठीण झाले होते, हे अधिक खरे कारण आहे.

दुसरी पिढी : संस्थांची शिडी

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या या कायद्याने आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेबाहेर ठेवले. हेतू चांगला होता : तालुक्यात नवे नेतृत्व तयार व्हावे, मुंबईतील पुढाऱ्याची सावली त्याच्यावर पडू नये. मात्र मूळ रचनेत सहकारी संघांच्या अध्यक्षांना सहयोगी सदस्य म्हणून स्थान होते. याचा अर्थ असा, की लोकशाहीच्या नव्या घरात सहकाराला पहिल्या दिवसापासून दार उघडे होते. भूमिहीनांच्या संघटनेला तसे दार नव्हते.

येथून शिडी तयार झाली. तिच्या पायऱ्या कार्यकर्त्यांना पाठ असल्या पाहिजेत : गावची सोसायटी, तालुक्याचा खरेदी-विक्री संघ, बाजार समिती, कारखान्याचे संचालक मंडळ, जिल्हा मध्यवर्ती बँक, पंचायत समिती व जिल्हा परिषद, आणि मग विधानसभा. प्रत्येक पायरीवर चढणाऱ्याच्या हाती एक ठोस गोष्ट येते. सोसायटीचा चेअरमन पीककर्जाच्या यादीवर सही करतो. कारखान्याचा संचालक तोडीच्या कार्यक्रमावर लक्ष ठेवतो. पक्व झालेला ऊस फडात उभा राहिला की उन्हाळा वाढत जाईल तसे त्याचे वजन घटते. ज्याच्या फडात टोळी वेळेवर आली तो वाचला, ज्याची नोंद मागे पडली तो बुडाला. तोडीची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या चिटबॉयला शेतकरी चहा पाजतो तो उगाच नाही. पाटकऱ्याच्या हाती चारीचे दार असते. अशा प्रकारे वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस मतदाराचे जीवन ज्यांच्या शब्दावर अवलंबून असते, त्यांच्याविरुद्ध त्याने पाच वर्षांतून एक दिवस मत द्यावे अशी अपेक्षा विरोधी पक्षाचा कार्यकर्ता करतो. आणि तसे घडले नाही की मतदाराला दोष देतो.

शरद पवार १९६७ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी बारामतीतून विधानसभेवर गेले. जुलै १९७८ मध्ये पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारचे ते मुख्यमंत्री झाले; ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. १९८६ च्या अखेरीस ते काँग्रेसमध्ये परतले. इंदापुरात बावड्याचे शंकरराव बाजीराव पाटील १९५०च्या दशकापासून विधानसभेत व पुढे मंत्रिमंडळात होते. १९८० आणि १९८९ मध्ये ते बारामतीतून लोकसभेवर गेले. या दोघांचे पक्ष आणि डावपेच वेगवेगळे होते, कधी परस्परविरोधीही होते. परंतु दोघांच्याही पाठीशी संस्थांचे जाळे होते, आणि पक्ष बदलला किंवा फुटला तरी ते जाळे तुटत नव्हते.

विरोधी पक्षांच्या विजयांकडेही याच दृष्टीने पाहावे लागेल. १९७७ मध्ये आणि पुन्हा १९८५ च्या पोटनिवडणुकीत संभाजीराव काकडे जनता पक्षातर्फे बारामतीतून लोकसभेवर निवडून आले. समाजवाद्यांनी या विजयांचा आनंद मानला आणि तो योग्यच होता. पण काकडे हे निंबुतच्या ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातील मुगुटराव काकडे यांचे नाव सोमेश्वर कारखान्याच्या उभारणीशी जोडलेले आहे. म्हणजे प्रस्थापितांविरुद्धची लढाई जिंकणारा उमेदवारही शिडीवरचाच होता. १९७८च्या पुलोद सरकारात समाजवादी विचाराच्या मंडळींना मंत्रिपदे मिळाली. पण सोसायटीच्या मतदारयादीत शेतमजुराचे नाव यावे यासाठी त्या काळात काही घडले नाही. सत्ता मुंबईत मिळाली आणि गावात जशीच्या तशी राहिली.

तिसरी पिढी : घरातून आलेली

यानंतरच्या पिढीचा प्रवास पाहिला की फरक ध्यानात येतो. अजित पवार १९८२ मध्ये साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर आले, १९९१ मध्ये जिल्हा मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी आधी खासदार व मग आमदार झाले. इंदापुरात शंकररावांचे पुतणे हर्षवर्धन पाटील १९९५ मध्ये अपक्ष म्हणून विधानसभेवर गेले, युतीच्या मंत्रिमंडळात बसले आणि १९९९ नंतर काँग्रेस आघाडीच्या मंत्रिमंडळातही राहिले. २०१९ मध्ये ते भारतीय जनता पक्षात गेले आणि २०२४ मध्ये शरद पवारांच्या राष्ट्रवादीत. रोहित पवार २०१७ मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि दोन वर्षांनी शेजारच्या नगर जिल्ह्यातील कर्जत-जामखेडचे आमदार झाले. पहिल्या पिढीने चळवळीतून संस्था उभ्या केल्या, दुसरीने संस्थांतून सत्ता मिळवली, आणि तिसरीला संस्था व सत्ता दोन्ही वारशाने मिळाली. शिडी तीच राहिली, पण काहींना ती खालच्या पायरीपासून चढावी लागली नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. या नेतृत्वाने कामे केली नाहीत काय? केली. बारामतीच्या जिरायत भागातील कृषी विकास प्रतिष्ठानचे काम, शिक्षणसंस्था, दूध व्यवसाय, औद्योगिक वसाहत ही कामे डोळ्यांना दिसतात. या कामांना नाकारणारा कार्यकर्ता गावात हास्यास्पद ठरतो. प्रश्न कामांचा नाही, हक्काचा आहे. जनाई-शिरसाई उपसा योजनेचे आवर्तन वेळेवर सुटले तर ते नेत्याच्या कृपेने सुटले असे मानले जाते. सुटले नाही तर कोणाला जाब विचारावा हे कोणालाच ठाऊक नसते. जेथे पाणी हा हक्क न राहता उपकार होतो, तेथे नागरिकाचा आश्रित होतो. मग नेता चांगला असो वा वाईट, लोकशाहीचा पाया खचलेलाच असतो.

शिवाय शिडी सर्वांना बंद असते असेही नाही. इंदापूरचे दत्तात्रय भरणे धनगर समाजातून आलेले. छत्रपती कारखाना, जिल्हा बँक, जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद अशा पायऱ्या चढत ते २०१४ मध्ये आमदार झाले, २०१९ व २०२४ मध्येही निवडून आले आणि मंत्री झाले. म्हणजे मराठा बागायतदाराच्या बाहेरचा माणूसही चढू शकतो. पण चढताना त्याला शिडीचे नियम पाळावे लागतात. २०२१ मध्ये ते सोलापूरचे पालकमंत्री असताना उजनीतून इंदापूरसाठी पाच टीएमसी पाण्याचा निर्णय झाला. सोलापुरात उद्रेक झाला आणि महिन्याभरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. टेलच्या गावांची तहान खरी होती आणि सोलापूरच्या शेतकऱ्याची भीतीही खरी होती. ही दोन दुःखे समोरासमोर बसवून न्याय्य वाटप ठरवणारी लोकशाही यंत्रणा नसेल, तर पाणी ज्याचा मंत्री त्याच्याकडे वाहते, असाच समज लोकांमध्ये रुजतो.

शिडीच्या बाहेर कोण राहिले, याचीही नोंद हवी. बीड-नगरकडून उचल घेऊन आलेला ऊसतोड मजूर साखरेच्या प्रत्येक पोत्यात आपले श्रम घालतो. पण तो कारखान्याचा सभासद नाही आणि येथला मतदारही नाही. गावातील दलित भूमिहीन मतदार आहे, परंतु सोसायटीचा सभासद क्वचितच आहे. शेतात राबणाऱ्या स्त्रीचे नाव सातबारावर नाही, म्हणून तिचे नाव सभासदांच्या यादीत नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. हे मोठे पाऊल होते. परंतु पंचायतीत आलेली स्त्री सोसायटीत आणि कारखान्यात अनुपस्थित राहिली, तर खरी सत्ता तिच्या हाती लागत नाही आणि तिच्या खुर्चीमागे नवरा उभा राहतो. त्यातच मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर पुणे जिल्हा परिषद तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिली. घराणेशाहीवर टीका करणाऱ्यांनी हे विसरू नये, की निवडणुकाच बंद पडल्या तर शिडीवर आधीपासून बसलेलाच तेवढा वर राहतो. नव्याला पहिली पायरीही मिळत नाही.

मतदार किती स्वतंत्र आहे?

मग मतदार केवळ गुलाम आहे काय? २०२४ सालाने याचे उत्तर दिले. २ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादी काँग्रेस फुटली आणि तालुक्यातील संस्थांचे बहुसंख्य पदाधिकारी अजित पवारांच्या बाजूला राहिले. शिडीच सर्व काही ठरवत असती, तर लोकसभेचा निकालही तसाच लागला असता. प्रत्यक्षात सुप्रिया सुळे यांनी सुनेत्रा पवार यांचा दीड लाखाहून अधिक मतांनी पराभव केला, आणि खुद्द बारामती विधानसभा क्षेत्रातही त्यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी मिळाली. पाच महिन्यांनी विधानसभेच्या निवडणुकीत त्याच मतदारांनी अजित पवारांना युगेंद्र पवारांवर एक लाखाहून अधिक मतांनी विजयी केले. दिल्लीच्या मतपेटीपाशी मतदार भावनेने आणि विचाराने मत देऊ शकला. मुंबईच्या मतपेटीपाशी त्याला पाणी, कर्ज आणि ऊस आठवला. दोन्ही वेळा त्याने हिशेबच केला. मात्र दोन्ही वेळा पर्याय एकाच घरातले होते, ही या हिशेबाची मर्यादा होय.

दुसरा दाखला माळेगावचा. २०१५ मध्ये माळेगाव कारखान्याच्या सभासदांनी अजित पवारांच्या पॅनेलचा पराभव करून तावरे गटाच्या हाती कारखाना दिला. उसाला भाव किती, हा त्यातील मुख्य प्रश्न होता. २०२० मध्ये सत्ता पुन्हा फिरली. आणि २०२५ च्या जूनमध्ये, राज्याच्या उपमुख्यमंत्रिपदावर असलेल्या माणसाने याच कारखान्याची निवडणूक स्वतः उमेदवार म्हणून लढवली आणि अध्यक्षपद घेतले. ज्याच्या हाती राज्याची तिजोरी होती त्याला एका कारखान्याची खुर्ची का लागावी? कारण तिजोरी पाच वर्षांसाठी असते आणि कारखाना कायमचा असतो, हे प्रस्थापितांना नीट कळते. ते विरोधकांना कधी कळणार, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून साथींनो, कार्यकर्त्यांपुढची कामे स्पष्ट आहेत, आणि ती निवडणुकीच्या घोषणेची वाट पाहणारी नाहीत. गावच्या सोसायटीची सभासदयादी मिळवून कोण आत आहे आणि कोण बाहेर आहे याचा हिशेब मांडावा. १९९२ च्या लक्ष्मीमुक्ती परिपत्रकाचा आधार घेऊन सातबारावर स्त्रियांची नावे लावून घ्यावीत आणि त्यांना सोसायटीचे सभासद करावे. सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना जे अधिकार दिले आहेत, ते टेलच्या गावांनी संघटितपणे मागावेत, म्हणजे आवर्तन हा कागदावर मोजता येणारा हक्क होईल. कारखान्याच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून जाणारा, वजनकाटा आणि तोडणीचा खर्च यांवर प्रश्न विचारणारा एक तरी सभासद प्रत्येक गटात असावा. ऊसतोड मजुरांच्या तळावर हंगामात कार्यकर्ता गेला पाहिजे. तेथे मते नाहीत म्हणून तेथे जायचे नाही, असे ज्याला वाटते त्याने समाजवादाचे नाव घेऊ नये.

ही कामे रुक्ष आहेत. त्यांत भाषण नाही, हार नाही, वर्तमानपत्रात नाव येण्याची शक्यता कमी आहे. पण १९३८ साली काटेवाडीची एक स्त्री लोकल बोर्डात गेली तेव्हा तिच्यामागे कारखाना नव्हता, बँक नव्हती. चळवळीने जागे केलेले लोक होते. त्या घराची सत्ता पुढे कोठवर गेली याची चर्चा सर्व जण करतात. ती जेथून सुरू झाली ती जागा आज रिकामी आहे, आणि ती कोणाच्याही मालकीची नाही.